मदत हवी आहे: मधुमेही रॅट्सच्या डोळ्यांतल्या रक्तवाहिन्यांचं इमेजिंग

नमस्कार मंडळी, पुण्यात पीएचडी करतेय. स्ट्रेप्टोझोटोसिनने (इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारणाऱ्या रसायनाने) मधुमेह झालेल्या रॅट्सच्या दृष्टिपटलातल्या केशवाहिन्या कशा बदलतात, ते त्याच प्राण्यात महिनोन्महिने पाहायचंय. दर टप्प्याला नवा गट मारावा लागू नये, असं मला मनापासून वाटतं. फ्लुरेसिन हे चमकणारं रंगद्रव्य टोचून अँजिओग्राफी (रक्तवाहिन्यांचं चित्रण) जमते, गळतीही दिसते. पण केटामिन-झायलाझिनची भूल दिली की डोळा कोरडा पडतो, डोळ्यातलं भिंग पांढुरकं होतं आणि पुढचं सगळं धूसर. त्यात या रॅट्सना मोतीबिंदूही लवकर होतो. झायलाझिनने रक्तातली साखरही वाढते, मग आयसोफ्लुरेनवर (हुंगवून द्यायच्या भुलीवर) जावं का? भिंग स्वच्छ राहायला तुम्ही नेमकं काय करता? जेल, थेंब, अंगाखाली ऊब? आणि पुण्यात लहान प्राण्यांसाठी ओसीटी अँजिओग्राफीचं (प्रकाशाने रक्तवाहिन्या टिपणारं) यंत्र बाहेरच्या संशोधकांना कुठे वापरू देतात? त्यात रंगद्रव्य टोचावं लागत नाही. नीतिसमितीची मंजुरी आहे.