लॅटेक्सचा पूर्ण डोक्याचा राक्षस: साचा कसला, लॅटेक्स कोणतं?

नेपथ्यवेडी:
एकांकिकेत राक्षस आहे. जाड भुवया, पसरट नाक, बाहेर आलेले सुळे, दोन शिंगं. पात्राला संवाद आहेत, म्हणून मुखवटा कागदाच्या लगद्याचा नको, रबराचाच हवा. मूर्तिकामाची सवय आहे. साचा आणि लॅटेक्स (रबराचा पातळ चीक) दोन्ही नवीन. शाडू चालेल का? साचा सिलिकॉनचा करू की प्लास्टरचा? लॅटेक्स किती आणू?

शाडूवाला:
शाडू उत्तम, फक्त काम थांबलं की ओलं फडकं आणि वर प्लॅस्टिक. साचा मात्र प्लास्टरचाच. प्लास्टर लॅटेक्समधलं पाणी ओढून घेतं म्हणून आतून साय धरते. सिलिकॉन पाणी ओढत नाही, लॅटेक्स नुसतं ओघळून तळाशी जातं.

लॅटेक्स सुकताना ५ ते १० टक्के आटतं, तेव्हा डोक्याच्या मापावर सगळीकडून एक-दीड सेंमी माती जास्त ठेवा. दोन बुबुळांमधलं अंतर नटाचं मोजून घ्या, अंदाजाने नको. शिंगं मातीत करू नका, फक्त बुंधे करा. लांब टोकात हवा अडकते, नाहीतर लॅटेक्स साचून आतून कच्चं राहतं. शिंगं ईव्हीए फोमची (चपलेच्या तळव्याला असतो तसा हलका फोम) करून नंतर बसवा, आणि जोडाला आतून लॅटेक्समध्ये भिजवलेली सुती पट्टी मारा.

साचा दोन भागांत. कानामागून टाळूवरून मातीची ३ सेंमी रुंद भिंत, तिच्यात चार-पाच गोल खळगे, म्हणजे दोन्ही भाग नेमके बसतील. प्लास्टर पाण्यात भुरभुरवायचं, प्लास्टरवर पाणी ओतायचं नाही. किलोला ६५० ते ७०० मिली पाणी. पहिला हात पातळ, ब्रशने, फुंकर मारत. इथे बुडबुडा राहिला की मुखवट्यावर चामखीळ उगवते (राक्षसाला एखादी खपून जाईल, नाकाच्या शेंड्यावर नाही). मग गोणपाटाचे तुकडे घालत अडीच सेंमी जाडी. पुढचा भाग घट्ट झाल्यावर भिंत काढा, प्लास्टरच्या काठाला व्हॅसलीन फासा आणि मागचा भाग ओता. व्हॅसलीन फक्त काठालाच. आतल्या बाजूला लागलं तर छिद्रं बुजतात, शिवाय तेल लॅटेक्सचा शत्रू.

माती काढून साचा धुवा आणि नीट वाळवा. गालाला लावून गार लागला तर आत अजून ओल आहे.

रबरमित्र:
खरेदी करताना ‘प्री-व्हल्कनाइज्ड’ (म्हणजे आधीच प्रक्रिया करून पक्कं केलेलं) हा शब्द वापरून मागा. नुसतं ‘६० टक्के लॅटेक्स’ म्हणून मिळतं ते बहुधा कच्चं असतं. सुकतं, पण चिकट आणि लेचंपेचं राहतं.

साचा काठोकाठ भरायचा तर चार-पाच लिटर हाताशी लागतं. त्यातलं मुखवट्यात लिटरभरही जात नाही, उरलेलं गाळून परत डब्यात. एवढं आणायचं नसेल तर दीड लिटर घालून साचा फिरवत तीन-चार थर द्या. जाडी थोडी कमीजास्त होते, पण चालतं.

दोन्ही भाग जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी आवळा, सांधा बाहेरून मातीने बुजवा, साचा उलटा करून वाळूच्या बादलीत रोवा. आधी पेलाभर लॅटेक्स नाकात, सुळ्यांत, कानांत ब्रशने पोचवा, मगच भरा. ब्रश आधी साबणाच्या पाण्यात बुडवलेला हवा, नाहीतर तो गेलाच. पातळी खाली जाईल, वरून घालत राहा. अर्ध्या-पाऊण तासाने मानेच्या काठाशी जाडी बघा. दोन मिमी झाली की आतलं लॅटेक्स हळूहळू बाहेर ओता. निथळताना साचा फिरवत राहा, नाहीतर नाकात डबकं राहतं.

पांढरेपणा जाऊन पिवळसर दिसेपर्यंत पंख्याखाली. सोलण्याआधी आत टाल्कम पावडर, आणि सोलताना ब्रशने पावडर पुढे ढकलत जा. लॅटेक्सचे दोन पृष्ठभाग एकमेकांना चिकटले की सुटत नाहीत. अमोनियाचा वास जबरदस्त येतो, खिडक्या उघड्या ठेवा. तांब्या-पितळेची तार लावू नका, रबर खराब होतं.

पडद्यामागे:
संवाद असतील तर पूर्ण तोंड झाकणं मला पटत नाही. आवाज आतच घुमतो, आणि दोन मिमीचं रबर ओठांबरोबर हलत नाही. तोंड मोठं कापा, नटाचे ओठ आणि डोळ्यांभोवतीची कातडी काळी रंगवा. दहा फुटांवरून सांधा दिसत नाही. कपाळ आणि गालफडांना आतून फोमच्या गाद्या लावल्या तर मुखवटा चेहऱ्यावर बसतो, तरंगत नाही. मागे मानेपासून वर उभी चीर आणि हुक. नटाला लॅटेक्सची ॲलर्जी आहे का, हे साचा करायच्या आधी विचारा.

नेपथ्यवेडी:
आणि रंग? घरात ॲक्रिलिक आहे.

रबरमित्र:
नुसतं ॲक्रिलिक ताणलं की तडकून पापुद्रे सुटतात. मूळ रंग लॅटेक्समध्येच मिसळून ओता: पाण्यातल्या रंगद्रव्याची पेस्ट, थोडी थोडी. ओलं लॅटेक्स फिकं दिसतं, सुकल्यावर गडद होतं, म्हणून आधी काचेवर थेंब सुकवून बघा. छटा देताना पाणी घालून पातळ केलेल्या रंगीत लॅटेक्सने स्पंजचे ठिपके मारा, सुकलं की पावडर. प्रयोगानंतर आतला घाम पुसून, कागदाचे बोळे भरून काळोखात ठेवा. उन्हात टांगलेला मुखवटा पुढच्या स्पर्धेपर्यंत टिकत नाही.