मदत हवी आहे: गावातल्या दम्याच्या लेकरांसाठी काही करायचंय, पण नाव सांगायला कोणीच तयार नाही

नमस्कार मंडळी. वणी पट्ट्यातल्या एका गावातून लिहून रायली आहे, गावाचं नाव मुद्दाम टाकत नाही. माझा मुलगा सहावीत आहे, त्याला दमा आहे, पण इनहेलर नियमित चालू आहे आणि आता मस्त खेळतो-बिळतो, तेव्हा त्याच्यासाठी हा धागा नाही. बाकीच्या लेकरांसाठी आहे.

आमच्याकडे धुळीला सुट्टी नाही. सोयाबीन निघालं की थ्रेशरचं कुटार उडते, मग कापूस संपला की पऱ्हाटी उपटून धुऱ्यावर पेटवतात, आणि कोळशाचे ट्रक तर बाराही महिने. ताडपत्री अर्धीमुर्धी, सडक उखडलेली, कडेच्या झाडांची पानं काळी, आणि शाळा त्याच सडकेला लागून. घरोघरी सिलेंडर आले तरी आंघोळीचं पाणी अजून चुलीवरच तापते, त्यात पऱ्हाटी नाहीतर तुराट्या.

तर आम्ही काही आयांनी ठरवलं की शाळेत एक इनहेलर, म्हणजे पंप, आणि स्पेसर, म्हणजे पंपाचं औषध नीट छातीत जावं म्हणून त्याला लावायचा पोकळ डबा, ठेवायचा, कोणाला धाप लागली तर तालुक्याला पोहोचेपर्यंत हाताशी काहीतरी पाहिजे. मुख्याध्यापक नाही म्हणाले नाहीत, पण म्हणे कोणाकोणाला दमा आहे ते लिहून द्या आणि पालकांची सही आणा, जे बरोबरच आहे. इथेच गाडी अडली. घरोघरी फिरलो तर एकाही लेकराला दमा नाही! "आमच्या पोरीले कायले होते दमा, सर्दी होते फक्त" असं जी बाई सांगते तिच्या पोरीची छाती रात्री वाजते ते मला भिंतीपलीकडून ऐकू येते. कारण उघड आहे, उद्या सोयरीक आली की लोक विचारतात. मुलांच्या बाबतीत थोडं तरी बोलतात, मुलींचं तर नावच नाही. आणि दुसरं म्हणजे पंप लागला की सुटत नाही ही भीती. त्यापेक्षा दर वेळी प्रायव्हेटमध्ये वाफ आणि सुई, नाहीतर मृगाला हैदराबादला जाऊन दम्याचं औषध म्हणून देतात तो मासा गिळून यायचा.

यादी न फोडता या लेकरांपर्यंत कसं पोहोचायचं? शाळेत इनहेलर ठेवायचा तर द्यायचा कोणी? आणि ट्रकच्या धुळीचं ग्रामसभेत नुसतं ओरडून काही होत नाही, तिथे नेमकं काय मागायचं? कोणी केलं असेल तर सांगा.

सिस्टरताई:
ताई, यादी करूच नका. आरबीएसकेची टीम, म्हणजे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची, शाळेत वर्षातून एकदा आणि अंगणवाडीत दोनदा येते, 0 ते 18 वयाच्या सगळ्या मुलांना तपासते आणि त्यांच्या तपासायच्या आजारांत श्वासनलिकेचा हा आजार पण आहे. सगळा वर्ग रांगेत उभा राहिला की कोणाच्या पोरीवर शिक्का बसत नाही. मुख्याध्यापकांना म्हणा, तालुक्याच्या टीमकडून तारीख घ्या.

पण एक मोठी गोम आहे. दमा येतो-जातो, तपासणीच्या दिवशी छाती एकदम साफ लागू शकते आणि लेकरू "निरोगी" म्हणून सुटतं. म्हणून आधी आशाताईला घरोघरी फिरू द्या आणि दमा हा शब्दच काढू नका म्हणावं. रात्री किंवा पहाटे खोकला येतो का, धावल्यावर छाती वाजते का, सर्दी झाली की खोकला लवकर हटत नाही का, एवढंच विचारायचं. आई ते बिनधास्त सांगते. तेच टीमच्या डॉक्टरच्या कानावर घालायचं.

तिफण:
पऱ्हाटी जाळू नका म्हनून शेतकऱ्याले भाषण देऊ नका बरं का ताई, आधीच सांगून ठेवतो. बोंडअळीच्या पायी कृषी खातंच सांगते का पऱ्हाटी वावरात उभी ठेवू नका, घरापाशी गंज्या मारू नका. मजूर परवडत नाही, मंग माणूस काडी लावते, दुसरं काय करन? श्रेडर आणा. ट्रॅक्टरवर चालते, पऱ्हाटी बारीक करून वावरातच टाकते. एकट्याले महाग पडते, गटानं भाड्यानं आणला तं जमते. नागपूरच्या सिरकॉटवाल्यानं, म्हणजे कापसावर संशोधन करते त्या सरकारी संस्थेनं, पऱ्हाटीच्या पेलेट न् ब्रिकेटवर, म्हणजे जळणाच्या कांड्या न् विटांवर, काम केलं आहे, तिकडं विचारून पाहा, आसपास घेणारा कारखाना असन तं पैसेही भेटते. आन ज्याले जाळाचंच आहे त्याले एवढं तरी कबूल करून घ्या का सांजच्याले न् पहाटे जाळाचं नाही, त्या टायमाले धूर वर जात नाही, गावातच बसते. शाळेच्या बाजूचं वावर असन तं रविवारी.

चांदाकर:
आम्ही चंद्रपूर साइडचे, धूळ आमच्या पाचवीला पुजलेली. ग्रामसभेत "प्रदूषण थांबवा" असा ठराव घेतला तर तो फायलीत जाऊन झोपतो. त्यापेक्षा खाणीचं पर्यावरण मंजुरीचं पत्र मिळवा. त्यात रस्त्यावर पाणी मारायचं, ट्रक झाकून न्यायचे अशा अटी असतात आणि त्यांचं पालन झालं की नाही याचा अहवाल दर सहा महिन्यांनी द्यावा लागतो, 1 जून आणि 1 डिसेंबर. मंजुरीपत्राची प्रत ग्रामपंचायतीला पण पाठवायची असते, कपाटात कुठेतरी असेल. ती अट नंबरासकट ठरावात टाका, शाळेसमोर शाळा भरायच्या आणि सुटायच्या वेळी पाणी मारलं पाहिजे असं लिहा आणि प्रत प्रदूषण नियंत्रण मंडळाला लावा. फोटो तारखेसह काढत जा.

मोबाईलवर चंद्रपूरच्या हवेचा आकडा पाहून आपल्या गावाचं समजू नका, तो तिथल्या यंत्राचा असतो. मंडळाकडे शाळेजवळ 24 तासांचं मोजमाप मागा. आपल्या देशाची 24 तासांची मर्यादा पीएम 10, म्हणजे हवेतली बारीक धूळ, यासाठी 100 आणि पीएम 2.5, म्हणजे त्याहून बारीक धूळ, यासाठी 60 मायक्रोग्रॅम दर घनमीटरला आहे, आकडा हातात आला की बोलायला बळ येतं.

ऑरेंजवाला:
लग्नाचं म्हणाल तर माझ्या बायकोला लहानपणापासून दमा आहे. बोलणी करायला गेलो तेव्हाच सासऱ्यांनी सांगून टाकलं होतं. दोन पोरं झाली, वखर सोडून वावरातली सगळी कामं करते, भांडणात तर दम माझाच संपतो. तुमच्या आयांना सांगा खुशाल.

धागाकर्ती:
ऑरेंजवाले भाऊ, हे वाचून दाखवते सगळ्यांना 😄 तिफणभाऊ, भाषण देणारच नव्हते, आमचीही दहा एकर आहे! सिस्टरताई, तुमचं पटलं, आशाताईशी बोलते. पण पंपाच्या सवयीचं काय सांगू? आणि स्पेसर विकत घ्यायला काही जण कुरकुरतात.

सिस्टरताई:
सवयीचं असं सांगा की साल्ब्युटामॉलच्या, म्हणजे धाप लागल्यावर घ्यायच्या औषधाच्या, एका पफमध्ये 100 मायक्रोग्रॅम औषध असतं आणि तीच गोळी 2 किंवा 4 मिलिग्रॅमची, म्हणजे वीस ते चाळीस पट. पंप थेट छातीत जातो म्हणून थोड्यात भागतं. आणि पंप दोन प्रकारचे. एक धाप लागल्यावरचा, दुसरा रोजचा, सूज कमी करणारा, त्यानंतर चूळ भरायची. लोक रोजचा सोडतात आणि पहिलाच मारत बसतात, मग म्हणतात सुटत नाही.

स्पेसर नसेल तर 500 मिलिची प्लास्टिकची बाटली चालते. दक्षिण आफ्रिकेत मुलांवर याचा अभ्यास झाला, 1999 मध्ये लॅन्सेट या डॉक्टरी नियतकालिकात छापून आला, बाटली विकतच्या स्पेसरइतकीच कामाची ठरली. बाटलीच्या बुडाला पंपाच्या तोंडाच्या मापाचं भोक, पंप तिथे घट्ट बसला पाहिजे, लेकरू बाटलीच्या तोंडाने श्वास घेणार. साबणाच्या पाण्याने धुवून तशीच वाळू द्या, पुसू नका, पुसलं की औषध आत चिकटतं. पंप हलवून एका वेळी एकच पफ, मग सावकाश पाच-सहा श्वास. अगदी लहान पोरांना मास्कवालाच लागतो.

शाळेत देण्यासाठी डॉक्टरने किती पफ आणि किती वेळाने ते कागदावर लिहून दिलेलं हवं, पालकांची सही हवी आणि दोन शिक्षकांनी करून पाहिलेलं हवं, एकच शिकला तर तो नेमका मीटिंगला जातो. लेकराला पूर्ण वाक्य बोलता येत नसेल, बरगड्यांमध्ये खड्डे पडत असतील किंवा ओठ निळे दिसले तर लगेच 108 लावा, गाडी येईपर्यंत पफ चालू ठेवा.

धागाकर्ती:
हे प्रिंट काढून शाळेत लावते. चांदाकर भाऊ, मंजुरीचं पत्र ग्रामपंचायतीत सापडलंच नाही तर?

चांदाकर:
तर माहिती अधिकारात अर्ज. ग्रामपंचायतीच्या जनमाहिती अधिकाऱ्याच्या नावाने एक आणि प्रदूषण मंडळाच्या जनमाहिती अधिकाऱ्याच्या नावाने एक, प्रत्येकाला 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट. 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. परिवेश पोर्टलवर, म्हणजे केंद्राच्या पर्यावरण मंजुरीच्या वेबसाइटवर, पण शोधून ठेवा, खाणीचं नाव टाकून. 1 मेच्या ग्रामसभेत ठराव घ्यायचा असेल तर अर्ज मार्चमध्येच टाका.