मुलीला घरी 'छावी' म्हणावे का?

प्रश्न: आमच्या दीड वर्षाच्या मुलीचे नाव छवी आहे. माझ्या सासूबाईंनी लाडाने त्याचे 'छावी' केले आणि आता ती त्याच हाकेला मान वळवते. कॉलेजच्या बोलीत 'छावी' म्हणजे प्रेयसी किंवा देखणी मुलगी, त्यामुळे परवा माझ्या भाच्याला हसू आवरेना. त्यांचे मन न दुखवता हे कसे बदलावे?

उत्तर १: 'छावा' म्हणजे हत्तीचे किंवा सिंहाचे पिल्लू, त्यामुळे शब्द मुळात निर्मळच आहे, पण वर्गात कोणी शब्दकोश उघडून बसत नाही. मी फार बडबडत असे म्हणून घरी मला 'पोपट' म्हणत. आईने शाळेच्या फाटकाशी एकदाच तशी हाक मारली, आणि तेव्हापासून कोणाचीही फजिती झाली की 'पोपट झाला' असे ओरडून सगळा वर्ग माझ्याकडे पाहत असे. दहावीपर्यंत हे चालले.

उत्तर २: मला ही भीती थोडी अवाजवी वाटते. घरात आजीची छावी आणि चारचौघांत छवी, असे चालू द्या; इतक्या लहान मुलांनाही दोन हाका सहज कळतात. नवे नाव ठेवायचेच असेल, तर ते रागाने हाक मारूनही पाहा, कारण सुमीची 'सुमे' होते तशी छवीची 'छवे' होणारच.

प्रश्नकर्ती: सासूबाईंना अर्थ सांगितला. त्या म्हणाल्या, "मग छबी म्हणू." आता भाचा पुन्हा हसतो आहे.