हेळव्यांच्या वह्यांची नक्कल: मदत हवी आहे

खानापूर, निपाणी, बेळगाव आणि पलीकडच्या चंदगडातले स्थानिक इतिहास व वंशावळी जुळवणारे आम्ही पाच-सहा गट दिवाळीनंतर बेळगावात दिवसभर एकत्र बसणार आहोत. १९५६ पर्यंत बेळगाव मुंबई राज्यात होतं, त्यामुळे एकाच घराण्याचे कागद आज दोन्ही राज्यांत विखुरलेत. मोडी वाचणारे दोघं मिळाले, ती चिंता मिटली.

अडलंय ते हेळव्यांपाशी. पिढ्यान्‌पिढ्या घरोघरी फिरून कुळी सांगणारे हे लोक. त्यांच्या वहीत जे सापडतं ते जमिनीच्या उताऱ्यात मिळत नाही. दोघे हेळवी यायला तयार आहेत, पण वहीचे फोटो नकोत म्हणतात. वही हीच त्यांची रोजीरोटी, त्यामुळे त्यांचं म्हणणं मला पटतं. मानधन वाढवून पाहिलं, उत्तर तेच. वाचून दाखवा, आम्ही लिहून घेतो, असं केलं तर एकाच घराण्याला अर्धा दिवस गेला. चोरून फोटो काढायचे नाहीत, हे पक्कं.

हेळव्यांच्या संमतीने कुणी वह्या स्कॅन केल्या आहेत का? लेखी करार काय केला, प्रत कुणाच्या ताब्यात ठेवली आणि पुढे कुणी नक्कल मागितली तर त्यात हेळव्याचा वाटा कसा ठरवला?