मदत हवी आहे: द्रासच्या थंडीत गिअर ऑइल घट्ट होऊन राहिलं, कोणतं टाकू?

राजेहो, लेह लाइनवर गाडी पाठवणाऱ्यांनी जरा सांगा. आमचा दहा चाकी ट्रक नागपूरजवळच्या वाडीवरून लडाखात जातो, मॅन्युअल गिअरबॉक्स, 24 व्होल्ट. डिसेंबरच्या सुरुवातीला द्रासला रात्रभर उभी होती, पारा वजा 15 च्या खाली, सकाळी इंजिन सुरू झालं पण गिअर पडेच ना, पडला तर दुसरा-तिसरा अर्धा तास करकर करत होता.

ऑइल 85डब्ल्यू-140 आहे (डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतला, नंतरचा गरमीतला घट्टपणा), कारण मे महिन्यात हीच गाडी इकडे 45 डिग्रीत लोड घेऊन चालते. ग्रेड पाहिला तर 85डब्ल्यू फक्त वजा 12 डिग्रीपर्यंतच पुरेसं पातळ राहते, 80डब्ल्यू वजा 26, 75डब्ल्यू वजा 40.

न्यूट्रलमध्ये क्लच सोडून 20 मिनिटं इंजिन चालू ठेवून पाहिलं (क्लच दाबून ठेवला तर गिअरबॉक्समधलं ऑइल हलतच नाही न), थोडा फरक पडला. डिफरेन्शियल (मागच्या अ‍ॅक्सलमधले गिअर) तर उभ्या गाडीत गरम होतच नाही, म्हणून सुरुवातीला हळू चालवायला सांगितलं. खालून स्टोव्ह नाहीतर बोळा पेटवायचं कोणी सुचवू नका भाऊ, ड्रायव्हरला मी साफ नाही म्हटलंय, पोराच्या जिवापेक्षा गाडी मोठी नाही. रात्री लाइटीचा पॉइंटही भेटत नाही तिथं.

सिंक्रो रिंगा (गिअर पडताना दोन्हीची गती जुळवणाऱ्या) पितळी आहेत, म्हणून ऑइल त्यांना चालणारंच पाहिजे; मॅन्युअलमध्ये जीएल-4 (गिअर ऑइलचा दर्जा) लिहिलंय.

तर सिंथेटिक 75डब्ल्यू-90 जीएल-4 टाकून बाराही महिने, नागपूरच्या उन्हाळ्यातही, कोणी गाडी चालवली आहे का, की दर सीझनला ऑइल बदलावंच लागेल?