शब्दचर्चा : रेनकिनजुत्सुला ‘किमया’ म्हणावं का?

माझी भाची आतेलिए मालिकेतले जपानी गेम खेळते. त्यांत नायिका कढईत जिन्नस मिसळून नव्या वस्तू घडवते, त्या विद्येला तिथे रेनकिनजुत्सु म्हणतात. परवा तिने विचारलं, "मावशी, रेनकिनजुत्सुला मराठीत काय म्हणायचं?" मी पटकन ‘किमया’ म्हणून मोकळी झाले आणि मग दोन दिवस तो शब्द टोचत राहिला.

किमया आपल्याकडे अरबी-फारसीतून आली. मूळ अर्थ हलक्या धातूचं सोनं करण्याची विद्या. पण आज बोलताना आपण ‘निसर्गाची किमया’ म्हणतो, ‘काय किमया केलीस गं!’ म्हणतो. त्यात थक्क होणं आहे, मेहनत दिसत नाही. आणि या गेममध्ये तर सगळी गोडी मेहनतीचीच आहे. 1997 साली आलेल्या पहिल्या गेमची नायिका मारी ही अकादमीतली सगळ्यांत मागे पडलेली विद्यार्थिनी. बाई तिला एक कार्यशाळा देतात आणि पाच वर्षांची मुदत : दाखवण्याजोगं काहीतरी करून आण, मग पदवी. कुठल्या राक्षसाला मारणं हे ध्येयच नाही. जाहिरातीतच म्हटलं होतं की जग वाचवणं आता सोडून दिलं.

2019 च्या गेममधली रायझा शेतकऱ्याची मुलगी, बेटावर वाढलेली. भाचीच्या शेजारी बसून मी पाहिलं. झाडावर काठी मारली की फळं पडतात, त्याच झाडावर कुऱ्हाड चालवली की ओंडका मिळतो. तो माल घरी आणायचा, कढईत एकेक जिन्नस टाकायचा, ढवळायचं. बाहेर मित्र वाट बघत असतात. एवढंच, पण तासभर उठवलं नाही. याला किमया म्हणवत नाही. दुसरा शब्द आहे का?

प्रतिसाद :
ताई, आधी जपानी शब्दच पाहू. रेन म्हणजे धातू तापवून-ठोकून शुद्ध करणं, किन म्हणजे सोनं, जुत्सु म्हणजे कला. हाच ‘रेन’ तानरेन या शब्दात येतो, आणि तानरेन म्हणजे अंगमेहनतीने, सरावाने स्वतःला घडवणं. म्हणजे मेहनत त्यांच्या शब्दातच आहे. शिवाय गेममध्ये कढईतल्या कामाला ते ‘चोगो’ म्हणतात. औषधं प्रमाणात मिसळण्यासाठी रोज वापरला जाणारा साधा शब्द.

आपल्याकडे धातुवाद, रससिद्धी हे जुने शब्द आहेत, पण ते पोथीतच राहिले. माझ्या मते खरा शब्द वैद्याच्या ओसरीवर आहे : भावना देणे. माझे आजोबा आवळ्याच्या चूर्णाला आवळ्याच्याच ताज्या रसाच्या भावना द्यायचे. चूर्ण काळ्या दगडाच्या खलात घ्यायचं, भिजेल इतका रस घालायचा आणि तो पूर्ण आटेपर्यंत घोटायचं. ही एक भावना. वाळलं की पुन्हा रस, पुन्हा घोटणं. अशा 21. दर भावनेला रंग गडद होत जायचा आणि आम्हा मुलांना बत्ता धरायला मिळायचा.

ही भावना आणि मनातली भावना हा एकच शब्द आहे. दोन्हींच्या मुळाशी संस्कृतातला ‘भू’ (होणे) हा क्रियापदाचा धातू, त्याचं प्रयोजक रूप : एखाद्याला काहीतरी ‘व्हायला लावणं’. तुमच्या गेममध्ये कढईतलं औषध आणि मित्रांमधली माया दोन्ही असेच हळूहळू होत असतील, तर याहून चपखल शब्द मला सुचत नाही.

प्रतिसाद :
वा! एक पुरवणी. कुणी अशा गेमला ‘आरामदायी’ म्हणेल, पण तसं म्हणू नये. आरामदायी खुर्ची असते, गादी असते. हे खेळ ‘निवांत’ आहेत. मात्र एक शंका. मालिकेतले जुने गेम तारखेशी बांधलेले आहेत. त्यातल्या एका गेमच्या नायिकेला, रोरोनाला, तीन वर्षांत बारा कामं पुरी करावी लागतात, नाहीतर कार्यशाळा बंद. त्याला निवांत म्हणता येईल का?

धागाकर्ती :
म्हणता येईल असं मला वाटतं. ‘निवांत’ला काम नको असतं असं थोडंच आहे? दिवाळीच्या आदल्या रात्री आई करंज्या भरत बसते तेव्हा मुदत असतेच, तरी आपण म्हणतो, ‘निवांत बसून केल्या’. हात चालू, मन ठिकाणावर, शेजारी कुणीतरी बोलायला. शब्दाचा हा वापर मला सगळ्यांत खरा वाटतो. अर्थात ज्यांना तारीख नकोच, त्यांच्यासाठी मारीच्या 2023 मधल्या नव्या आवृत्तीत बिनमुदतीचीही सोय आहे.

‘भावना देणे’ तर मी उचललाच. भाचीला खलाची गोष्ट सांगितली, फार आवडली तिला. काल रात्री तिचा निरोप आला : "मावशी, तीन भावना दिल्या, अजून गुण उतरत नाहीये. उद्या रानातून दुसरं पान आणून बघते."