कॅन्सरनंतर स्टूल टेस्टवर भागवायचं?

डिचोलीची सून: काल इथे कुणीतरी ठोकून दिलं, "आतड्याचा कॅन्सर काढला की दरसाल स्टूलची फिट टेस्ट करा, कोलोनोस्कोपी, म्हणजे आतड्यातली दुर्बीण, हा डॉक्टरांचा धंदा." वाचून डोकं फिरलं. माझ्या सासऱ्यांनी ऑपरेशननंतर हौसेने फिट केली, निगेटिव्ह. महिन्याभरात ऑपरेशनला वर्ष झाल्यावरची दुर्बीण होती, तिच्यात चपटा पॉलीप, म्हणजे आतड्याच्या आतली वाढ, सापडला. फिट शौचातलं न दिसणारं रक्त शोधते. पॉलीपमधून रक्तच येत नसेल तर ती काय पकडणार? ती धडधाकट माणसांची चाळणी. ऑपरेशन झालेल्यांना एका वर्षाने दुर्बीण, ठीक निघाली तर पुढची तीन वर्षांनी, मग पाच. मध्ये सीईए ही रक्ताची तपासणी आणि सीटी स्कॅन आहेतच.

मांडवीकाठ: मीच लिहिलं होतं. आई ७६ वर्षांची. दुर्बिणीआधी पोट साफ करायचं दोन लिटर पावडरीचं पाणी प्यायली, रात्री तीनला न्हाणीत चक्कर येऊन पडली, कपाळाला टाके. वर पेडण्याहून पहाटेची कदंब बस. सल्ले द्यायला काय जातं? कोविडात इंग्लंडमध्ये फिट बघूनच कुणाला आधी दुर्बीण ते ठरवत होते.

डिचोलीची सून: ते लक्षणं घेऊन आलेले पेशंट होते, कॅन्सर होऊन गेलेले नव्हेत! अर्धवट वाचायचं आणि इथे येऊन शिकवायचं.

नुस्तेंखाऊ: फिटच्या आधी नुस्तें, म्हणजे मासळी, बंद करावं लागतं काय हो?

डिचोलीची सून: नाही. ती माणसाच्याच रक्तातलं ग्लोबिन हे प्रथिन ओळखते. मटणाचं पथ्य शौचातलं रक्त शोधणाऱ्या जुन्या ग्वायक टेस्टला होतं. बांगडा खुशाल खा.

फोंड्याचा भाटकार: बांगडा खुशाल? २०१८ चं मासळी टिकवायला मारलेलं फॉर्मेलिन रसायन विसरलात? गोव्याबाहेरच्या मासळीवर बंदी घालायची वेळ आली होती. पोटाचे सगळे रोग तिथूनच!

नुस्तेंखाऊ: फॉर्मेलिनचा कॅन्सर नाका-घशाचा आणि रक्ताचा, तोही मुख्यतः वाफ हुंगणाऱ्यांना. आतड्याचं बोलायचं तर २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या संस्थेने प्रक्रिया केलेलं मांस कॅन्सर करणाऱ्या गोष्टींच्या यादीत टाकलं. म्हणजे तुमचा चोरीस, डुकराच्या मांसाचं सॉसेज.

फोंड्याचा भाटकार: चोरीसाला हात लावू नका, सांगून ठेवतो! आमचे आजोबा रोज खायचे, ९१ वर्षं जगले.

नुस्तेंखाऊ: आजोबांच्या वेळी दुर्बीण होती कुठे, काय होतं ते कळायला?

फोंड्याचा भाटकार: आजोबांवर जायचं नाही!!

मांडवीकाठ: इथे माझ्या आईचं चाललंय आणि तुम्ही सॉसेज तळताय. शाबास.

डिचोलीची सून: बरं, एवढं मानते. दुर्बीण सोसतच नसेल आणि डॉक्टरच म्हणाले, तर काहीच न करण्यापेक्षा फिट बरी. पण पॉझिटिव्ह आली तर पुढे काय? दुर्बीणच ना? पावडर निम्मी रात्री, निम्मी पहाटे घेता येते, डॉक्टरांना विचारा. आणि न्हाणीच्या दाराशी कुणीतरी बसा.

मांडवीकाठ: बसतो, बाई. जिंकलात तुम्ही. आई विचारतेय, पावडरीत लिंबू पिळलं तर चालेल का?